भरती नसताना पळणं

परभणीत पहाटे पाचला रस्त्यावर पळताना दिसलात, तर चहाच्या टपरीवरून एक प्रश्न हमखास येतो. "काय रे, जागा निघाल्या का?"

विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. वसमत रोडला, जिंतूर रोडला, कृषी विद्यापीठाच्या आवारात या वेळेला जी पोरं पळत असतात, त्यांतली बहुतेक पोलीस भरतीची असतात. पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. मीही त्यांतलाच होतो. तीन भरत्या दिल्या. तिसऱ्यांदा मेरिट दोन गुणांनी हुकलं आणि वय संपलं. यादी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पळायला गेलो नाही. पुढची चार वर्षं गेलो नाही.

आता मी ३४ वर्षांचा आहे. बी-बियाणं आणि खताचं दुकान चालवतो, आणि आठवड्यातून पाच दिवस पुन्हा पळतो. टपरीवरच्या प्रश्नाला "तब्येतीसाठी" असं उत्तर देऊन सुटतो. ते खोटं आहे. तब्येतीसाठी अर्धा तास चालणं पुरतं. रविवारी २५ किलोमीटर पळायचं आणि सोमवारी दुकानाचा जिना कठडा धरून उतरायचा, हे तब्येतीसाठी कोणी करत नाही.

खरं उत्तर शोधताना हारुकी मुराकामीचं 'व्हॉट आय टॉक अबाउट व्हेन आय टॉक अबाउट रनिंग' हाती लागलं. मूळ जपानी पुस्तक २००७ चं. फिलिप गॅब्रिएलचा इंग्रजी अनुवाद पुढच्याच वर्षी आला. दुपारी गिऱ्हाईक नसताना, काउंटरमागे बसून, मोबाईलवर महिनाभर पुरवून पुरवून वाचलं. पळणाऱ्यांच्या ग्रुपांवर या पुस्तकाची वाक्यं सुविचारासारखी फिरतात. म्हणून आधी सांगतो की हे सुविचारांचं पुस्तक नाही. हे एका हिशेबी माणसाचं रोजखर्डं आहे, आणि तीच त्याची ताकद आहे.

मुराकामी टोकियोत जॅझ बार चालवायचा. कादंबरी लिहायची म्हणून त्यानं धंदा बंद केला, बैठं काम सुरू झालं, वजन वाढायला लागलं. दिवसाला साठ सिगारेटी ओढणारा हा माणूस १९८२ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी पळायला लागला. पुस्तकात मोठं असं काही घडत नाही. २००५ ची न्यूयॉर्क मॅरेथॉन समोर आहे आणि तो तयारी करतो आहे. आठवड्याला साठेक किलोमीटर, सहा दिवस, रोज दहा. या महिन्यात किती झाले, मागच्या महिन्यात किती. सलग दोन दिवस सुट्टी घ्यायची नाही, हा नियम. वेळ दर वर्षी थोडी थोडी वाढत चालली आहे, हे दुःख. केंब्रिजमध्ये नदीकाठी पळताना हार्वर्डच्या तरुण मुली वेण्या उडवत त्याला मागं टाकून जातात आणि तो ते शांतपणे लिहून ठेवतो.

हे कंटाळवाणं आहे का? हो, काही पानं आहे. पण पळणं असंच असतं. आपल्या पडद्यावर ते कधी असं आलं नाही. 'भाग मिल्खा भाग'मध्ये (२०१३) मिल्खाची कित्येक महिन्यांची मेहनत एका गाण्यात उरकते. शर्यत पंधरा मिनिटं चालते आणि सराव चार. प्रत्यक्षात मॅरेथॉनचे चार-पाच तास असतात आणि त्यामागं चार-पाच महिने. मुराकामी त्या महिन्यांना पुस्तकात जागा देतो. ती वाचताना मला पहिल्यांदा वाटलं, की मी पहाटे जे करतो त्याला कुणीतरी काम म्हणून मोजलं.

एक जागा तर थेट आमच्या शिवारातली वाटते. स्नायू म्हणजे ओझ्याची जनावरं, असं तो म्हणतो. ओझं हळूहळू वाढवलं तर ती कुरकुर न करता शिकतात, चार दिवस मोकळी सोडली की विसरतात. माझ्या वडिलांनी हे वाचलेलं नाही, पण त्यांनी गोऱ्हे जुंपायला शिकवलेत. पहिल्या दिवशी नुसतं जू मानेवर, मग रिकामी गाडी, मग अर्धी भरलेली. मी त्यांना मुराकामीचा विचार सांगितला तेव्हा ते म्हणाले, "मग त्यात नवीन काय हाय?" नवीन काही नाही. ते लिहून ठेवलं, एवढंच नवीन.

पण जिथं हे पुस्तक मला सगळ्यात जवळचं वाटलं, तिथंच मी त्याच्यापासून दूरही गेलो.

मुराकामीला त्याच्या पळण्याचं कारण कुणी विचारत नाही. म्हणजे मुलाखतकार विचारतात, पण रस्ता विचारत नाही. त्याचा वेळ त्यानं स्वतः कमावलेला आहे, हे मान्य. पण कमावलेला वेळ कसा वापरायचा यावर गल्लीचा हक्क नाही, ही गोष्ट तो हवेसारखी गृहीत धरतो. १९८३ मध्ये एका मासिकासाठी तो भर उन्हाळ्यात अथेन्सहून मॅरेथॉन गावापर्यंत एकटा पळाला. वाटेत गाड्यांखाली मेलेली कुत्री-मांजरं मोजत गेला. मी वाचताना हसलो. आमच्याकडची कुत्री जिवंत असतात आणि तीच माणसं मोजतात. जिंतूर रोडला हातात दोन खडे घेतल्याशिवाय मी वळत नाही. हिवाळ्यात अंधारात मागचा दिवा नसलेले उसाचे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ ला जातो आणि पहाटे पाचलाही डांबर गार झालेलं नसतं. पाऊस पडला की कडेच्या काळ्या मातीत बूट किलोभर जड होतो. आणि जूनमध्ये पेरणी आली की रात्री अकरापर्यंत दुकान. तेव्हा सलग दोन दिवस काय, सलग वीस दिवस सुट्टी होते. मुराकामीचा नियम पाऊस बघून ठरलेला नाही.

दुसरी गोष्ट चालण्याची. आपण शेवटपर्यंत निदान चाललो तरी नाही, हे आपल्या थडग्यावर लिहिलेलं त्याला आवडेल. १९९६ मध्ये होक्काइडोत तो १०० किलोमीटर पळाला. पंचावन्न ते पंचाहत्तरमध्ये शरीर पार मोडलं, तरी चालला नाही. ते प्रकरण पुस्तकातलं सर्वोत्तम आहे आणि मला सर्वांत जास्त तेच लागलं. कारण मी चाललो आहे. देवगिरी एक्सप्रेसनं मुंबईला जाऊन पहिली पूर्ण मॅरेथॉन पळालो तेव्हा, शेवटच्या टप्प्यात पेडर रोडच्या चढावर पोटऱ्या आखडल्या आणि मी सहाशे-सातशे मीटर चाललो. महिनाभर कुणाला सांगितलं नाही. भरतीच्या मैदानावर चाललेला पोरगा म्हणजे संपलेला पोरगा, ही शिकवण अंगात मुरलेली होती आणि मुराकामीनं तिला तत्त्वज्ञानाचा सदरा घातला.

आज मला ते पटत नाही. आषाढीआधी शेगावची पालखी परभणी-गंगाखेडवरून जाते. त्या वारीत शेकडो किलोमीटर चालणाऱ्या म्हातारीला चालण्यात कमीपणा वाटत नाही. न चालण्याचा अभिमान ही शर्यतीनं शिकवलेली गोष्ट आहे. मुराकामी वारंवार सांगतो की मी इतरांशी शर्यत करत नाही. पण या एका इच्छेत शर्यत मागच्या दारानं घरात आली आहे.

तिसरी गोष्ट त्याच्या पुस्तकात जवळजवळ नाहीच. ती मला माझ्या बायकोमुळे दिसली.

मागच्या दिवाळीनंतर ती म्हणाली, मलाही पळायचंय. पंजाबी ड्रेसवर माझे जुने बूट, आत दोन मोजे. पहिल्या दिवशी आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत गेलो असू. सडा टाकणाऱ्या एका आजींनी हातातली बादली खाली ठेवली आणि घाबरून विचारलं, "काय झालं गं पोरी, कोण आजारी हाय का?"

मला नोकरीचं विचारतात. तिला संकटाचं विचारलं. लग्न झालेली बाई रस्त्यावर पळते म्हणजे घरात काहीतरी वाईट घडलं असणार. त्या आजी मायेनं विचारत होत्या, म्हणून तर बायकोला उत्तर देता आलं नाही. ती हसली, थांबली आणि उरलेलं अंतर आम्ही चालत गेलो.

तेव्हा मला लता करे आठवल्या. बारामतीच्या ज्येष्ठ नागरिकांच्या शर्यतीत साडी नेसून, अनवाणी पळालेल्या आणि जिंकलेल्या. नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवे होते म्हणून त्या पळाल्या. त्यांच्यावर 'लता भगवान करे' (२०२०) हा मराठी चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि ६७ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. त्या पळण्यापुढं मान झुकते. पण आपण सगळ्यांनी ती गोष्ट इतकी डोक्यावर का घेतली, हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा. मला वाटतं, त्या आजींच्या प्रश्नाला तिथं उत्तर होतं. कोण आजारी आहे का? हो, आहे. मग पळ बाई.

आपल्या पळण्याच्या गोष्टी बघा. 'पान सिंग तोमर'मधला (२०१२) जवान खेळात जातो, कारण तिथं खायला पोटभर मिळतं. पडद्यावरचा मिल्खा पहिल्यांदा जीव तोडून पळतो तो दूध आणि अंड्यांसाठी. भूक, आजारपण, नोकरी. कारण जितकं मोठं तितकं पळणं पवित्र. ही कारणं खोटी नाहीत, माझंही कारण तसंच होतं. पण कारण संपलं की गोष्ट संपते आणि माणूस उरतो. भरतीतून बाद झालेल्या माझ्यासारख्या हजारो पोरांची गोष्ट कुणी लिहीत नाही. ज्या शरीराला चार-पाच वर्षं पहाटे उठवून घडवलं, ते यादी लागली त्या दिवशी अचानक बिनकामाचं होतं. माझ्यासोबत पळणारे सहाजण होते. दोघं लागले. उरलेल्यांत आज पळणारा मी एकटा. बाकीचे मैदानाच्या बाजूनंही जात नाहीत, आणि मला ते कळतं.

आमच्या परभणीच्या ज्योती गवते यांचे तीन आकडे मी दुकानातल्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेत. मुंबई मॅरेथॉन, भारतीय महिला. २०१७ : २ तास ५० मिनिटं ५३ सेकंद, पहिल्या. २०१८ : २ तास ५० मिनिटं ४७ सेकंद, दुसऱ्या. २०१९ : २ तास ४५ मिनिटं ४८ सेकंद, पुन्हा दुसऱ्या. दोन्ही वेळा सुधा सिंग पुढं होत्या. बातमी वाचणाऱ्याला यात एक विजय आणि दोन पराभव दिसतात. पळणाऱ्याला उलटं दिसतं. पहिल्या वर्षात सहा सेकंद कमी झाले आणि नंबर गेला. दुसऱ्या वर्षात जवळपास पाच मिनिटं कमी झाली आणि नंबर तोच राहिला. ४२ किलोमीटरमधले सहा सेकंद म्हणजे एक घोट पाणी. त्यासाठी वर्षभराच्या पहाटा गेल्या असतील. त्या पहाटांचं पुस्तक मराठीत असतं, तर मी मुराकामीच्या आधी ते वाचलं असतं.

म्हणून हे पुस्तक वाचा, पण त्याच्यासारखं व्हायला वाचू नका. त्याच्याकडून वही ठेवायची सवय घ्या. पळण्याचं कारण न सांगता पळण्याबद्दल दोनशे पानं लिहिता येतात, हे त्यानं दाखवलं. आपल्याकडं ते लिहिताना आजी, टपरी, ट्रॅक्टर आणि पेरणी वगळता येणार नाहीत. वगळली तर ते मुराकामीची नक्कल होईल.

बायको आता पहाटे साडेचारला निघते, आजींचा सडा पडायच्या आधी. यावर मी खूश नाही, तीही नाही, पण सध्या असं चाललंय. तिचीही वही आहे. कालची नोंद : ३ किलोमीटर, दोनदा चालले, कुत्री चार. कारणाचा रकाना तिनं आखलेलाच नाही.