‘कृष्णाकाठ’ : राष्ट्रीय मूल्ये आणि व्यक्तीची निवड

प्रस्तावना :
राष्ट्राची संस्कृती सामायिक मूल्यांवर उभी राहते आणि ती मूल्ये स्वीकारणाऱ्या व्यक्तीच्या विवेकावरही. या दोहोंतील ताण यशवंतराव चव्हाण यांच्या ‘कृष्णाकाठ’ (१९८४) या आत्मचरित्रात विशेषत्वाने प्रत्ययास येतो. देवराष्ट्रे येथील बालपणापासून १९४६ पर्यंतचा हा प्रवास ‘जडणघडण’, ‘वैचारिक आंदोलन’ आणि ‘निवड’ अशा तीन भागांत मांडला आहे. शेवटचे शीर्षक सूचक आहे. राष्ट्रकार्य येथे वारसा म्हणून येत नाही, तर निवडले जाते.

विवेचन :
थोरले बंधू गणपतराव ब्राह्मणेतर चळवळीकडे ओढले गेले, तर यशवंतराव राष्ट्रीय चळवळीकडे. एकाच घरातील हा मतभेद वैराला कारण झाला नाही. पुढे तुरुंगात मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे आकर्षण निर्माण झाले. मात्र दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांना साहाय्य करण्याची रॉय यांची भूमिका त्यांना पटली नाही व ते दूर झाले. गुरुस्थानी मानलेल्या विचारवंताला नकार देणे, हीही व्यक्तिस्वातंत्र्याचीच खूण होय. त्यामुळे चव्हाणांचा राष्ट्रवाद व्यक्तिवादाच्या विरोधात उभा नसून त्यातूनच सिद्ध झालेला दिसतो.

तथापि एक प्रश्न उरतो. १९४२ च्या भूमिगत पर्वात या निवडीची किंमत घरातील माणसांनी मोजली. लग्नाला वर्षही झाले नसताना वेणूताईंना अटक झाली. लेखक हे दुःख प्रांजळपणे नोंदवतो. परंतु ‘निवड’ हा शब्द त्याच्या वाट्याला जितका येतो, तितका वेणूताईंच्या वाट्याला येत नाही. त्यांचा त्याग दिसतो, त्यांचे मत मात्र ऐकू येत नाही. ही केवळ या ग्रंथाची मर्यादा नव्हे. स्त्रीच्या सोसण्याला संमती समजणाऱ्या आपल्या राष्ट्रीय संस्कृतीचीही ती मर्यादा आहे.

समारोप :
ग्रंथाचा शेवट कऱ्हाड सोडून मुंबईकडे निघण्याने होतो. मेढा-जावळी खोऱ्यातून पोटासाठी मुंबई गाठणाऱ्या पिढ्यांना ही वाट परिचित आहे. जाणाऱ्याची कथा लिहिली जाते, मागे राहणाऱ्यांची क्वचितच. सामायिक मूल्ये खऱ्या अर्थाने सामायिक व्हावयाची असतील, तर निवडीचा अधिकार उंबरठ्याच्या आतही पोहोचला पाहिजे. ‘कृष्णाकाठ’चे पुनर्वाचन याच दिशेने होणे अगत्याचे आहे.