बाल्डविनचा मुखवटा आणि गरम मेणाचा प्रसंग

क्रुसेडवरचा रिडली स्कॉटचा 'किंगडम ऑफ हेवन' (२००५) बघणार असाल, तर १९४ मिनिटांची दिग्दर्शकाची प्रत बघा. थिएटरातली प्रत जवळपास पन्नास मिनिटांनी छोटी आहे आणि मला ज्या प्रसंगाबद्दल बोलायचंय, तो तिच्यात नाहीच.

जेरुसलेमचा राजा चौथा बाल्डविन याला कुष्ठरोग होता, हे खरंच. त्याचा शिक्षक विल्यम ऑफ टायर लिहितो, की खेळताना मुलं एकमेकांना नखं टोचायची. बाकीची ओरडायची, हा गप्प. आधी वाटलं पोरगा सोशिक आहे. मग कळलं, हाताला संवेदनाच नाही. आठशे वर्षांपूर्वीचं हे निरीक्षण आजही चालतं. या रोगाचा जिवाणू नसांवर हल्ला करतो, म्हणून चट्टा दिसला की आधी विचारतात, इथं स्पर्श कळतो का?

सिनेमाने हा धागा वापरलाय, पण भाच्यावर. छोट्या पाचव्या बाल्डविनच्या हातावर गरम मेण सांडतं, त्याला कळत नाही. पुढे आई, सिबिला, त्याला विष देते. एवा ग्रीनने काम जबरदस्त केलंय. पण हा मुलगा ११८६ मध्ये वारला, एवढंच इतिहासात आहे. त्याला कुष्ठरोग असल्याचा पुरावा नाही.

कथा बदलली म्हणून माझी तक्रार नाही. बालियनलाही त्यांनी फ्रान्सचा लोहार केलंय, चालतं. खटकतं ते हे, की रोग मामाकडून भाच्यात रक्तातून उतरल्यासारखा वाटतो. कुष्ठरोग आनुवंशिक नाही. तो जिवाणूमुळे होतो, हे हान्सेनने १८७३ मध्येच दाखवलं. दीर्घ सहवासातून तो होऊ शकतो, पण बहुतेकांचं शरीर त्याला पुरून उरतं.

भंडाऱ्यात बसून हे लिहायचं कारण आहे. सिनेमा आला त्याच वर्षी, डिसेंबर २००५ मध्ये, देशात दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण उरल्याचं जाहीर झालं. आपल्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत मात्र आजही नवे रुग्ण निघतात. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट आहेत, सहा महिने ते वर्षभरात रोग बरा होतो. तरी 'खानदानात आहे म्हणतील, पोरीचं लग्न अडेल' म्हणून चट्टा लपवला जातो. आणि तेवढ्या वेळात बोटं वाकडी होतात.

आता तो चांदीचा मुखवटा. एडवर्ड नॉर्टन नुसत्या आवाजावर आणि डोळ्यांवर राजा उभा करतो, दाद द्यावीच लागेल. पण समकालीन नोंदींत असा मुखवटा नाही. खरा बाल्डविन ११७४ ते ११८५ गादीवर होता. हातपाय निकामी झाले, दृष्टी गेली, तरी राजा तोच राहिला. सिनेमा बघताना हे लक्षात असू द्या.