पिवळ्या कागदाआडची विश्रांती

शार्लट पर्किन्स गिल्मन या अमेरिकन लेखिकेची ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा १८९२ च्या जानेवारीत ‘न्यू इंग्लंड मॅगझीन’मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे कित्येक वर्षे ती भयकथांच्या संग्रहांतून फिरत राहिली, हे तिचे दुर्दैवच होय. तीत दुष्ट असे कोणी नाही. आहे तो पत्नीवर मनापासून प्रेम करणारा, शहाणासुरता डॉक्टर पती. आणि कथेतील सारे भय त्याच्या या सज्जनपणातूनच उत्पन्न होते.

नायिका नुकतीच बाळंत झालेली, मनाने खचलेली. पती तिला एका जुन्या वाड्यात नेऊन माडीवर ठेवतो. खिडक्यांना गज, पलंग जमिनीशी खिळलेला, भिंतीवर मळकट पिवळा नक्षीदार कागद. लिहावयाचे नाही, आवडत्या आप्तांनी भेटीस यावयाचे नाही, मूलही दुसरीच्या हाती. मन गुंतवावयास दुसरे काहीच न उरल्यामुळे ती बिचारी त्या नक्षीचाच अभ्यास करू लागते, आणि अखेर नक्षीआड कोंडलेली एक स्त्री तिला दिसू लागते. हा उतार लेखिकेने इतक्या सावकाश दाखविला आहे की, तिची बुद्धी नेमकी कोणत्या पानावर ढळली हे सांगता येऊ नये.

हे सर्व कल्पित नव्हे. फिलाडेल्फियाचे डॉ. सायलस वेअर मिचेल अशा रोग्यांस कित्येक आठवडे अंथरुणात, आप्तांपासून दूर ठेवीत. भरपूर दूध पाजीत, अंग रगडवीत. १८८७ मध्ये गिल्मनबाईंवर हाच उपचार झाला. घरी परतताना दिवसाकाठी दोन तासांहून अधिक बौद्धिक काम करू नये, लेखणीस तर जन्मात शिवू नये, अशी आज्ञा मिळाल्याचे त्यांनी १९१३ मध्ये लिहिले आहे. काही महिने ती पाळून त्या वेडाच्या काठाशी पोहोचल्या.

आपल्याकडील बाळंतिणीची खोलीही काळोखीच असे. पण तेथे शेगडी पेटवावयास, बाळाला न्हाऊमाखू घालावयास आणि चार उखाळ्यापाखाळ्या काढावयास कोणीतरी सतत येत असे! त्या गजबजीचा जाच होई, हे खरे. तथापि भिंतीशी बोलण्याची पाळी सहसा येत नसे.

कथेत वैगुण्य नाही असे नाही. सारी कथा नायिकेच्या चोरट्या टिपणांची. मग शेवटी जमिनीवर रांगत असता ती लिहिते केव्हा? पतीचे घेरी येऊन पडणेही काहीसे नाटकी वाटते.

व्हर्जिनिया वुल्फ यांनाही अशी सक्तीची विश्रांती भोगावी लागली होती. तरी १९२६ मधील ‘ऑन बीइंग इल’ या निबंधात त्या अंथरुणावरून दिसणाऱ्या आकाशाचे कौतुक करतात. दोघींचा अनुभव परस्परविरुद्ध भासेल. परंतु वुल्फबाईंच्या निबंधातील रोग्याच्या उशाशी पुस्तके आहेत, आणि ती कोणी काढून घेतलेली नाहीत.