दुर्गादेवीच्या दुष्काळाचीं बारा वर्षें

दुर्गादेवीचा दुष्काळ शके 1318 (इ. स. 1396) मध्यें सुरू झाला व बारा वर्षें टिकला, हें विधान ग्रँट डफनें 1826 मध्यें आपल्या मराठ्यांच्या इतिहासांत केलें. तेव्हांपासून गॅझेटियरांत व शालेय पुस्तकांत तें निर्वेध फिरत आहे. त्याची थोडी परीक्षा येथें करावयाची आहे.

प्रथम संख्येविषयीं. संस्कृत वाङ्मयाचा ज्यांस परिचय आहे त्यांस बारा वर्षांची अनावृष्टि नवी नाहीं. शांतिपर्वांतील विश्वामित्र व चांडाल यांचा संवाद अशाच अवर्षणांत घडतो. जैन परंपरेंत भद्रबाहूचें दक्षिणेकडील प्रयाणही बारा वर्षांच्या दुष्काळामुळेंच. लोकस्मृतीनें दीर्घ आपत्तीस हाच अंक लावला असल्यास नवल नाहीं. मोजलेली संख्या निराळी व परंपरेनें आलेली निराळी.

दुसरी साक्ष फिरिस्त्याची. दुसरा महंमदशहा बहामनी (1378–1397) यानें दहा हजार बैल लावून माळवा व गुजराथ येथून धान्य आणविलें, ही त्याची हकीकत सर्वश्रुत आहे. कित्येक लेखक ती सरळ दुर्गादेवीस जोडून मोकळे होतात! परंतु महंमदशहा 1397 मध्यें वारला. 1396 हा आरंभ खरा धरल्यास या बैलांस जेमतेम एक हंगाम उरतो. तेव्हां एक तर दुष्काळ आधींपासून चालू होता, किंवा दोन निरनिराळे दुष्काळ एका नांवाखालीं आले. दुसरा पक्ष मला अधिक ग्राह्य वाटतो, कारण लोकांच्या तोंडीं मोठें नांव लहान नांवांस गिळतें. पुढें फिरोजशहानें 1398 व 1406 च्या सुमारास विजयनगरावर स्वाऱ्या केल्या, एवढ्यावरून मात्र दुष्काळ नव्हताच असें कोणीं म्हणूं नये. फौजा तुंगभद्रेकडे गेल्यानें भीमाकांठचा कुणबी पोटभर जेवला असें ठरत नाहीं.

खरा विचारणीय भाग पुढेंच आहे. बारा वर्षें धरलीं तरी दुष्काळ 1408 च्या सुमारास संपतो. आणि मुलूख लावण्यास मलिक-उत्-तुज्जार हा दादू नरसू काळे याजसह निघाला तो 1429 मध्यें. मधल्या वीस वर्षांत रान ओस कां राहिलें? अवर्षण हें त्याचें उत्तर होऊं शकत नाहीं. डफच्याच लेखाप्रमाणें डोंगरी किल्ले पाळेगारांच्या व लुटारूंच्या हातीं होते. शिवा विसरल्या गेल्या होत्या, म्हणून दोनतीन गांवांचा एक गांव केला. जो कसील त्यास जमीन दिली. पहिल्या सालीं सारा माफ, दुसऱ्या सालीं बिघ्यास एक तोबरा धान्य. घोड्याच्या तोंडास बांधावयाची पिशवी हें ज्या सरकारचें माप, त्याची गरज रयतेच्या गरजेहून कमी नव्हती. इंग्लंडांत 1348 च्या महामारीनंतर मजूर दुर्मिळ झाला, तेव्हां 1351 च्या कायद्यानें मजुरी जुन्या दरास बांधण्याचा यत्न झाला. आमच्याकडे मजुरास न बांधतां जमीनच स्वस्त केली. पण त्याबरोबर जुन्या वतनाचा पुरावाही शिवेसह बुडाला. म्हणून एखाद्या महजरांत 'दुर्गादेवीपासून' असा दाखला आढळल्यास संग्राहकांनीं तो कालनिर्देश न समजतां वादीचा दावा समजावा, व प्रतिवादीचा कागद हातीं येईपर्यंत त्यावर वंशावळ उभारूं नये.

आमच्या साष्टीपुरतें सांगावयाचें तर, हाच मलिक 1430 च्या सुमारास माहीम-साष्टीवर आला व गुजराथच्या फौजेपुढें त्यास माघार घ्यावी लागली. सबब घाटावरील तोबऱ्याची व्यवस्था अंधेरी-बोरिवलीच्या शेतांस लावणें साधार नाहीं. येथील स्मृतीचें साधन निराळें आहे. राजवाड्यांनीं 1924 मध्यें छापिलेल्या महिकावतीच्या बखरींतील केशवाचार्यांचा भाग शके 1370 चा. त्यामागें मालाडचा देसला नायकोराव. कुळें, गोत्रें व वृत्ति विसरल्या जाऊं नयेत ही त्यांतील निकड आजवर केवळ परकीय अंमलाच्या खातीं मांडिली जाते. घाटमाथ्यावर एका पिढीपूर्वीं शिवा विसरल्या गेल्या होत्या. तेथून कोणतीं कुळें खालीं उतरलीं, हें त्या बखरींतील आडनांवें घाटावरील महजरांशीं ताडून पाहिल्याखेरीज सांगतां येणार नाहीं.