'दप्तर' : एका शब्दाचे मुक्काम

शब्दापुढे 'फा.' अशी खूण केली की व्युत्पत्तीचे काम संपले, अशी आपल्या पुष्कळ कोशांची समजूत दिसते. 'दप्तर' या शब्दाच्या बाबतीत तर ही खूण फारच अपुरी पडते. फारसी 'दफ्तर' हा त्याचा मराठीत येण्यापूर्वीचा मुक्काम होय, उगम नव्हे.

ग्रीक भाषेत 'दिफ्थेरा' म्हणजे कमावलेले कातडे. हिरोडोटस लिहितो की, आयोनियातील ग्रीक लोक पपायरसाच्या गुंडाळ्यांनाही 'कातडी'च म्हणत. कारण पपायरस दुर्मिळ असताना ते शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यावर लिहीत असत. वस्तू बदलली, नाव टिकले. (घशात कातड्यासारखा पडदा धरतो म्हणून फ्रेंच वैद्य ब्रतोनो याने १८२६ साली घटसर्पाला दिलेले नावही याच शब्दावरून घडले.) फारसी व अरबीत 'दफ्तर' म्हणजे वही. तुर्कांचा 'देफ्तेर' तोच. आणि गंमत अशी की, ग्रीकांनी हिशेबाच्या वहीसाठी 'तेफ्तेरी' हा शब्द पुढे तुर्कांकडूनच उसना घेतला. घरचीच वस्तू, पण ओळखू न येण्याइतकी पालटलेली! इंडोनेशियात 'दाफ्तार' म्हणजे यादी.

आपल्याकडे वहीवरून अर्थ कागदांच्या संग्रहाकडे गेला. गो. स. सरदेसाई यांनी ज्यातील निवडक कागद ४५ खंडांत छापविले, ते 'पेशवे दप्तर' या अर्थाचे. येथून दोन वाटा फुटतात. हिंदी-उर्दूने संग्रहाची जागा धरली व 'दफ्तर' म्हणजे कचेरी झाली. मराठीने बांधणी धरली: कागद रुमालात बांधून ठेवण्याची आपली रीत, त्यामुळे दप्तर हे गाठोडे ठरले आणि अखेर शाळकरी मुलाच्या पाठीवर गेले.

इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी मुलाने 'बाबा दप्तरात गेले' असे लिहिले, तर त्याखाली तांबडी रेघ ओढून 'अशुद्ध' असा शेरा देणे मला अन्यायाचे वाटते. निबंधात 'कचेरी' लिहावयास त्याला जरूर शिकवावे. परंतु त्याचा अर्थ भ्रष्ट आणि पुण्याचा तेवढा मूळचा, हे म्हणणे टिकणारे नाही. मूळचे म्हणावे तर कातडेच म्हणावे लागेल. कोशकारांनी वही, संग्रह, गाठोडे, पिशवी हा क्रम देऊन शेजारच्या भाषेतील कचेरीचीही नोंद केली, तर त्या मुलाच्या शिक्षकाची निम्मी अडचण दूर होईल.