‘टर्मिनेटर’ : पुढचे भाग आणि मागे फिरलेला प्रेक्षक

चित्रपटाची समीक्षा हे धर्मगुरूचे काम आहे काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उभा राहील. आमच्या मते तो रास्त आहे. परंतु घरातील मुलांच्या मनावर आज जे संस्कार होतात, त्यांतील पुष्कळसे पडद्यावरून होतात. तेव्हा पडद्यावरची गोष्ट खरी वाटते केव्हा आणि खोटी वाटू लागते केव्हा, याचा विचार पालकांबरोबर आम्हीही करावयास हवा. त्यासाठी निमित्तही आयतेच मिळाले.

भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) या दोन तालुक्यांत आपली कुटुंबे विखुरलेली आहेत. ती नाताळच्या सुटीत निदान संध्याकाळी एकत्र यावीत म्हणून पुण्याहून घरी आलेल्या युवकांनी गेल्या नाताळात एक बेत केला. अंगणात पांढरी चादर ताणून सहा रात्री सहा चित्रपट दाखवावयाचे ठरले. ‘टर्मिनेटर’ या अमेरिकन विज्ञानचित्रपटमालिकेचे, हिंदीत भाषांतरित केलेले, ते सहा भाग होते. बालगोपाळांना न शोभणारी दृश्ये आम्ही आधी पाहून वगळावयास लावली. पहिल्या दोन रात्री अंगण अपुरे पडले. शेजारच्या वस्तीतील मंडळीही घोंगड्या पांघरून आली. तिसऱ्या रात्री अंगण निम्मे रिकामे होते. सहाव्या रात्री यंत्र चालविणारा मुलगा, आम्ही आणि शेजारच्या वस्तीतील एक आजीबाई एवढेच उरलो.

आमच्या अंगणात सहा रात्रींत जे घडले, तेच जगभरच्या चित्रपटगृहांत १९८४ ते २०१९ या पस्तीस वर्षांत घडले आहे. १९९१ साली आलेल्या दुसऱ्या भागाने जगभरात सुमारे ५२ कोटी डॉलर मिळविले. २०१९ च्या सहाव्या भागाच्या निर्मितीवर १८ कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला, आणि उत्पन्न मात्र सुमारे २६ कोटींवर थांबले. मधल्या काळात तिकिटांचे दर कितीतरी वाढले, हे लक्षात घेतले म्हणजे ही घसरण अधिकच मोठी ठरते. चित्रपटगृहांचा वाटा वजा जाता एवढ्या उत्पन्नात खर्चही निघत नाही.

ज्यांनी हे चित्रपट पाहिले नाहीत त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. भविष्यकाळात मानवाने निर्मिलेली यंत्रे मानवावरच उलटतात. अणुयुद्धात जग बेचिराख होते. उरलेल्या माणसांना जॉन कॉनर नावाचा पुरुष पुन्हा उभे करतो. त्याचा जन्मच होऊ नये म्हणून यंत्रे एका मारेकरी यंत्राला भूतकाळात, त्याच्या आईकडे पाठवितात. ही आई, सारा, उपाहारगृहात वाढण्याचे काम करणारी एक साधी तरुणी असते. तिच्या रक्षणासाठी एक सैनिक येतो, तिच्यावर प्रेम करतो आणि तिच्यासाठी प्राण देतो. जेम्स कॅमेरून या दिग्दर्शकाने १९८४ साली हा पहिला भाग अल्प खर्चात काढला. एक सामान्य स्त्री, तिला मिळालेला अनपेक्षित निरोप आणि जन्मापूर्वीच मारेकऱ्यांच्या नजरेत आलेले बालक, ही मांडणी आपल्या वाचकांना परकी वाटू नये.

दुसऱ्या भागात ही कथा अधिक उंचीवर जाते. पहिल्या भागात मारेकरी असलेल्या यंत्राचेच रूप आता बालकाचे रक्षण करते. ज्याच्या संशोधनातून पुढे अनर्थ होणार, तो शास्त्रज्ञ सत्य कळताच आपली प्रयोगशाळा उद्ध्वस्त करावयास सिद्ध होतो आणि तिच्यासह स्वतः नष्ट होतो. शेवटी रक्षक यंत्र वितळलेल्या पोलादाच्या कुंडात उतरते, कारण त्याच्या मस्तकातील चकती शिल्लक राहिली तर अनर्थाचे बीज उरणार. या भागाच्या नावातच ‘न्यायाचा दिवस’ आहे. कथेप्रमाणे तो १९९७ सालच्या ऑगस्टच्या २९ तारखेस येणार होता, आणि तो टळल्याची आशा घेऊन प्रेक्षक घरी जातो.

मग पुढे बिघडले काय? याची तीन कारणे नेहमी सांगितली जातात, आणि तिन्ही आम्हांस अपुरी वाटतात.

पहिले कारण असे सांगतात की तंत्राची नवलाई ओसरली. दुसऱ्या भागात पाऱ्यासारखा वितळून पुन्हा उभा राहणारा धातूचा मनुष्य पाहून लोक थक्क झाले होते, आणि त्या भागास ऑस्कर पारितोषिके चार मिळाली. पुढे असे चमत्कार सर्रास झाले, हे खरे. परंतु आमच्या अंगणात बसलेल्या मुलांनी याहून मोठे चमत्कार भ्रमणध्वनीवर रोज पाहिलेले आहेत. तरीही दुसऱ्या रात्री पोलादाच्या कुंडापाशी ती श्वास रोखून बसली होती. त्यांना चमत्काराने धरून ठेवले नव्हते.

दुसरे कारण नायकाच्या वयाचे. अर्नोल्ड श्वार्झनेगर पहिल्या भागात सदतिशीचे होते, सहाव्यात बहात्तरीचे. परंतु प्रेक्षकांस वृद्ध नटाचा कंटाळा असतो, हे महाराष्ट्रात तरी कोणी म्हणू नये. आमच्या रंगभूमीवर साठी उलटलेल्या नटांसाठी लोकांनी रांगा लावल्या आहेत.

तिसरे कारण, ‘तेच ते पुन्हा दाखवितात’ हे. यावर थोडे थांबावयास हवे.

माणूस तेच ते ऐकावयास कंटाळत नाही. आमच्या भोर तालुक्यातील शिंद हे बाजीप्रभू देशपांडे यांचे गाव. १६६० साली घोडखिंडीत बाजी पडले, हे येथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. तरी शाहिराने पोवाडा सुरू केला की तोफेचा आवाज होईपर्यंत कोणी जागचे हलत नाही. आपल्या चर्चमध्ये पवित्र सप्ताहात प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तान्त दरवर्षी वाचला जातो, आणि शेवट ठाऊक असूनही डोळे पाणावतात. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. त्याच्या सुमारे अकरा हजार ओव्या भाविकांच्या पिढ्यांनी वर्षानुवर्षे गाइल्या. तेव्हा पुनरावृत्ती हा दोष नव्हे. किंबहुना जे प्रिय असते ते माणूस पुन्हा पुन्हा मागतो.

आमच्या मते खरा दोष निराळा आहे. या मालिकेचा प्रत्येक पुढचा भाग मागच्या भागातील बलिदान रद्द करतो.

क्रमाने पाहू. २००३ चा तिसरा भाग सांगतो की न्यायाचा दिवस टळलाच नव्हता, केवळ लांबला होता. तो येतो आणि जग जळते. सारा तर दरम्यान आजाराने गेलेलीही असते. २००९ चा चौथा भाग युद्धकाळात जातो. त्यात एक पात्र जॉनला वाचविण्यासाठी स्वतःचे हृदय देते. २०१५ च्या पाचव्या भागात काळाची घडी विस्कटून सारेच नव्याने मांडले जाते, आणि ज्या जॉनसाठी एवढे प्राण वेचले गेले, तोच यंत्र होऊन माणसांवर उलटतो. मग त्या दिलेल्या हृदयाचे काय झाले? २०१९ चा सहावा भाग तर तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या भागांना जमेसच धरीत नाही. दुसऱ्या भागाच्या पुढे गोष्ट चालू होते, आणि पहिल्या काही मिनिटांतच पोरवयाचा जॉन आईच्या डोळ्यांदेखत मारला जातो.

येथेच आमच्या शेजारी बसलेल्या आजीबाईंनी विचारले, “फादर, ह्या पोराला वाचवायला त्यो यंत्राचा बाप्या इस्तवात उतरला व्हता न्हवं? मग त्यो उगाच जळला म्हनायचं का?”

आम्हांस उत्तर सुचले नाही. एवढी नेमकी समीक्षा आम्ही कोठे वाचलेली नाही.

कोणी म्हणेल, पुढच्या भागाने नवे संकट आणूच नये काय? अवश्य आणावे. बाजीप्रभू पडले त्याच वर्षी पन्हाळा शत्रूस द्यावा लागला, तो पुढे १६७३ साली परत आला. म्हणून बाजींचे मरण व्यर्थ ठरत नाही, कारण ज्यासाठी त्यांनी देह ठेवला ते कार्य झाले होते आणि महाराज विशाळगडी सुखरूप पोहोचले होते. पुढील इतिहासाने अनेक आघात केले, पण ती एक गोष्ट कोणी हिरावून घेतली नाही. एखादा शाहीर पुढच्या वर्षी येऊन म्हणाला की महाराज गडावर पोहोचलेच नव्हते, तर श्रोते उठून जातील. त्यांना राग येईल असेही नाही. यापुढे हा मनुष्य कोणाच्याही मरणाविषयी काही सांगू लागला, तर ऐकावयाचे कशासाठी, असे त्यांस वाटेल.

दुसऱ्या भागानेही पहिल्यात बदल केलेच होते, हे येथे नमूद करावयास हवे. पहिल्या भागात भवितव्य अटळ वाटते, दुसऱ्यात ते बदलता येते. वैरी रक्षक होतो. तरी प्रेक्षक रुसला नाही. कारण साराने भोगलेले दुःख, तिला आलेली कठोरता, मेलेल्या सैनिकाची आठवण, हे सर्व त्या भागाने भांडवल म्हणून सांभाळले. ‘क्रिस्तपुराणा’तही ‘पहिले पुराण’ आणि ‘दुसरे पुराण’ असे दोन भाग आहेत. दुसरे पहिल्यास पुसून टाकीत नाही, ते त्यास पूर्णत्वास नेते.

असे का झाले, याचे उत्तर व्यवहारात सापडते. या कथेचे हक्क हातोहात फिरत राहिले. दुसरा भाग काढणारी कंपनी १९९५ साली दिवाळखोरीत गेली, चौथा भाग काढणारी २००९ साली. प्रत्येक नव्या मालकास नवी सुरुवात हवी होती. चौथा, पाचवा आणि सहावा हे तिन्ही भाग ‘नव्या तीन भागांतील पहिला’ म्हणून योजले गेले होते, आणि तिघांपैकी एकासही दुसरा भाग लाभला नाही. तोंडवळा आणि नाव विकत घेता येते, पण वचन विकत घेता येत नाही. मागल्याने प्रेक्षकास दिलेले वचन पाळण्याची जबाबदारी नव्या मालकास आपली वाटली नाही.

न्यायाने बोलावयाचे तर या भागांत गुण नाहीत असे नव्हे. तिसऱ्या भागाचा शेवट धीट आहे. प्रेक्षकास सुखान्ताची लालूच न दाखवता तो संपतो. सहाव्या भागात वृद्ध सारा होऊन परतलेल्या लिंडा हॅमिल्टन यांच्या चेहऱ्यावरील पुत्रशोक खरा आहे. परंतु तो शोक चित्रपटाच्या उपयोगी पडत नाही. पटकथेने त्याला लगेच दुसऱ्या एका तरुणीच्या रक्षणाच्या कामास जुंपले आहे. जुन्या संकटाच्या जागी नव्या नावाचे तेच संकट आले आहे आणि जुन्या मुलाच्या जागी नवी मुलगी. मुले जर अशी बदलता येत असतील, तर पहिल्या मुलासाठी रडावयाचे कशास?

म्हणून पालकांस एवढेच सुचवावेसे वाटते की मुलांनी चित्रपट पाहिला तर पाहू द्यावा, पण नंतर त्यांस एक प्रश्न विचारावा. या गोष्टीत जो मेला, त्याच्या मरण्याने काय झाले? मूल उत्तर देऊ शकले तर गोष्ट चांगली होती. ‘काही नाही, पुढच्या भागात सगळे परत होते’ असे ते म्हणाले, तर त्या गोष्टीने मुलाच्या मनातून थोडे काहीतरी नेले आहे, हे ओळखावे. माणसांची धावपळ, आईची जागरणे, बापाचे कष्ट यांनाही काही अर्थ असतो, ही श्रद्धा मुलास प्रथम गोष्टींतूनच मिळते.

सहाव्या रात्री चादर उतरवून झाली तरी आजीबाई बसूनच होत्या. त्यांची शेतजमीन धरणाच्या पाण्याखाली गेलेली आहे. उठताना त्या म्हणाल्या, “आमचं रान गेलं. पर खाली कालव्याला पानी गेलं, कुनाचं तरी शेत भिजलं, म्हून सोसलं. उद्या कुनी म्हनलं, धरन बांधलंच न्हवतं, तर आमी कुटं जायाचं, फादर?”

आम्ही कंदील घेऊन त्यांना वस्तीपर्यंत सोडून आलो.