सुबाभूळ, शेळी आणि अर्धी सांगितलेली गोष्ट

लोहारा तालुक्यातील माकणी हे निम्न तेरणा धरणाचे गाव. जिल्ह्याचे नाव आता धाराशिव झाले असले, तरी इथली काळी शेळी ‘उस्मानाबादी’ म्हणूनच ओळखली जाते. अशा गावात पचनसंस्थेचा धडा घेताना वर्गातल्या अनेकांच्या दारात शेरडं बांधलेली असतात आणि फळ्यावर मात्र आपण माणसाचे जठर काढतो. शेळीच्या पोटाबद्दल सांगायचे, तर रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाच्या कामाइतकी चांगली गोष्ट शोधून सापडणार नाही. पण ती ज्या रीतीने सांगितली जाते, तिच्याबद्दल आमची तक्रार आहे.

गोष्ट सुबाभळीपासून सुरू होते. हे झाड मूळचे मेक्सिकोकडचे. महाराष्ट्रात उरुळी कांचनच्या ‘बाएफ’ संस्थेने त्याचा मोठा प्रसार केला. पाल्यात भरपूर प्रथिने, शिवाय ते कमी पाण्यावर तगते. मात्र पाल्यात मिमोसिन नावाचे द्रव्य असते. ते कोटीपोटात गेले की तिथले सूक्ष्मजंतू त्याचे ‘डीएचपी’ या दुसऱ्या द्रव्यात रूपांतर करतात. डीएचपी थायरॉइड ग्रंथीच्या कामात अडथळा आणते. त्यामुळे गलगंड होतो, भूक मंदावते, वजन घटते. केस गळतात ते मुख्यतः मूळच्या मिमोसिनमुळे.

जोन्स हे मुळात कुरणांचे अभ्यासक. एका हेक्टरात जनावरे वाढवत नेली, तर दर जनावरामागची वजनवाढ सरळ रेषेत कमी होत जाते, हे त्यांनी सँडलंड यांच्याबरोबर १९७४ साली मांडले. पुढे त्यांना एक विसंगती खटकली. ऑस्ट्रेलियात सुबाभळीने आजारी पडणारी जनावरे हवाई बेटांवर तोच पाला खाऊन ठणठणीत कशी? उत्तर झाडात नसून पोटात असावे, असा तर्क त्यांनी १९८१ साली मांडला. मग मेगॅरिटी यांच्यासह दोन्हीकडच्या शेळ्यांची तुलना केली. हवाईच्या शेळ्यांच्या कोटीपोटातील जंतू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना दिले, तेव्हा ती जनावरे डीएचपी पचवू लागली. हे १९८६ साली प्रसिद्ध झाले. १९९२ साली त्या जंतूला ‘सिनर्जिस्टिस जोन्साय’ हे नाव मिळाले.

गोष्ट सहसा इथे संपवतात : जंतू आणला, विष उतरले. आमचा आक्षेप आहे तो या पूर्णविरामाला.

कारण पुढे हा जंतू, थोड्या प्रमाणात का होईना, अनेक देशांतल्या जनावरांत आधीपासूनच आढळला. इंडोनेशियात केवळ सुबाभळीवर पोसलेल्या बैलांच्या मूत्रात डीएचपी भरपूर होते, तरी ते निरोगी होते. त्यांचे यकृत डीएचपीला दुसऱ्या रेणूंशी जोडून निरुपद्रवी करत होते. मॅक्स शेल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली तर सरळच विचारले, हा जंतू मुद्दाम देण्याची गरज आहे का?

म्हणजे जोन्स चुकले का? त्यांचा प्रयोग चुकला नाही. जंतू दिल्यावर डीएचपी कमी झाले, हे निरीक्षण आजही खरे आहे. मात्र ‘हा जंतू नाही म्हणूनच जनावर आजारी’ हा निष्कर्ष एकट्याने टिकत नाही. निरीक्षण आणि निष्कर्ष यांतला हा फरक मुलांना दाखवण्याची संधी आपण त्या पूर्णविरामापायी घालवतो.

आणि नुकसान वर्गापुरते राहत नाही. अर्धी गोष्ट ऐकलेला शेळीपालक एक तर ‘विषारी’ म्हणून झाड तोडेल, नाही तर बाहेरून येणाऱ्या औषधाची वाट पाहील. प्रत्यक्षात सुबाभळीचा पाला एकूण चाऱ्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापर्यंत ठेवून बाकी इतर चारा मिसळावा, हा साधा नियम त्याच्या उपयोगाचा आहे. घोडा व ससा रवंथ करत नाहीत, त्यांच्या बाबतीत अधिक जपावे लागते.

धडा घेण्यापूर्वी मुलांना एक काम द्यावे. आपली शेळी दिवसभरात कोणकोणता पाला, कोणत्या क्रमाने खाते, ते लिहून आणायचे. ती यादी फळ्यावर आली की जोन्स यांची गोष्ट सांगावी, आणि शेल्टन यांच्या प्रश्नापर्यंत सांगावी.